गुरुवारची मुलुखिया

पेपरात मयताचं निवेदन येतं तेव्हा लोक मेलेल्या माणसाचं नाव वाचत नाहीत, खालची नावं वाचतात. हे फिक्रीला जितकं ठाऊक होतं तितकं अख्ख्या कैरोत दुसऱ्या कुणाला नसेल. एकतीस वर्षं त्याने एका मोठ्या दैनिकात मयतांचंच पान लावलं होतं. गेलं कोण, ते एका ओळीत. मग ती कुठल्या न्यायमूर्तींची सासू, कुठल्या जनरलची आत्या, कुठल्या डॉक्टरच्या बायकोची चुलत बहीण, याच्या वीस वीस ओळी. एकदा एका जावयाचं नाव राहून गेलं, तर त्या घरातले दोन भाऊ अजून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मेलेल्याच्या खांद्यावर उभं राहून जिवंतांनी आपली उंची दाखवायची, असलं ते पान. फिक्री त्याला मनातल्या मनात हसायचा आणि घरी येऊन बायकोला किस्से सांगायचा.

आता बायकोच गेली होती. विदादसाठी लिहायला बसला, तर निवेदन दोन ओळींत संपलं.

मूलबाळ नाही. एकच बहीण होती इल्हाम, ती दोन वर्षांपूर्वी गेली. फिक्रीचा एक भाऊ अलेक्झांड्रियात अंथरुणाला खिळलेला. संपलं! हरवलेल्या कुत्र्याची जाहिरातसुद्धा याहून लांब असते. काल दफनाला माणसं होती सात, त्यातली दोन मशिदीत नमाजाला आलेली, अनोळखी, पुण्य मिळावं म्हणून खांदा दिलेली. उद्या संध्याकाळी मशिदीच्या दिवाणखान्यात दुखवट्याची बैठक होती. फिक्रीच्या डोळ्यांसमोर सारख्या रिकाम्या खुर्च्याच येत होत्या. कुराण म्हणणारा शेख गळा ताणून म्हणतोय, समोर ओळीने खुर्च्या, आणि ऐकायला फिक्री एकटा.

त्याने पेन उचललं आणि तिसरी ओळ लिहिली: ‘आणि सुप्रसिद्ध निवेदक हाझेम बन्हावी यांची मावशी.’

खोटं काहीच नव्हतं त्यात. तरी हात चोरासारखा चालला.

हाझेम इल्हामचा मुलगा. तो सहा वर्षांचा होता तेव्हा इल्हाम नवऱ्यापाठोपाठ कुवेतला गेली आणि पोराला बहिणीकडे ठेवून गेली, एका वर्षापुरतं. त्या एका वर्षाची नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं विदादने त्याला न्हाऊमाखू घातलं, मांडीवर झोपवलं, आणि फिक्रीचा पगार पुरेना म्हणून घरात शिलाई मशीन आणून शाळेचे गणवेश शिवले. पोरगं मशीनशेजारच्या स्टुलावर बसून मोठ्याने धडे वाचायचं. तोच आवाज आता रोज संध्याकाळी सहाला अख्खा देश ऐकत होता. कार्यक्रमाचं नाव ‘घरचा माणूस’. नाव ऐकूनच फिक्रीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण एका मातृदिनाला हाझेमने कार्यक्रमात सांगितलं होतं, की माझ्या आईने गणवेश शिवून मला वाढवलं, सुई बोटात घुसायची तरी मशीन थांबायचं नाही. पहिल्या रांगेत इल्हाम बसलेली, कुवेतचं सोनं अंगावर, डोळ्यांना रुमाल लावून. लोक उभे राहिले, फुलं दिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! फिक्री खुर्चीवरून ताडकन उठला होता.

विदाद मात्र खो खो हसली. “इल्हामला साधं बटण लावता येत नाही हो,” म्हणाली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “जाऊ दे. गोष्टीत आईच शोभते. मावशीची गोष्ट कोण ऐकतं?”

ती गोष्ट पुढे इतकी पसरली की हाझेमच्या चेहऱ्याला चिकटूनच बसली. पुलावरच्या फलकांवर त्याचा चेहरा आणि खाली ‘शिंपिणीचा मुलगा’. तेव्हापासून तो मावशीकडे फिरकला नाही. यायला तोंडच नव्हतं त्याला. एकदाच फोन आला, त्याला अकरा वर्षं झाली. “मावशी, गुरुवारी येतो जेवायला. मुलुखिया कर.”

आला नाही. पण विदाद वकिलासारखी मुद्दा काढायची. “कुठला गुरुवार, ते कुठे बोललाय तो?”

म्हणून अकरा वर्षं दर गुरुवारी त्या घरात सशाच्या रश्शात शिजवलेली मुलुखियाच्या पाल्याची पातळ भाजी झाली. दुपारभर ती दोन मुठींच्या कमानदार सुरीने पाला बारीक करायची. लसूण-धण्याची फोडणी ओतताना दचकल्यासारखा मोठ्याने श्वास आत ओढायची, “हाः!” तो ओढला नाही तर पाला तळाशी बसतो, असं तिची आई सांगायची, तिच्या आईची आई सांगायची. एक ताटली झाकून ठेवायची. शुक्रवारी सकाळी ती झाकली ताटली घेऊन खाली जायची आणि दाराशी बसणाऱ्या उम्म रिदाला द्यायची. उम्म रिदा रखवालदाराची बायको. नवरा वारल्यावर इमारतीचं दार तीच सांभाळत होती.

फिक्रीला दोन गोष्टी हव्या होत्या. विदाद रिकाम्या खुर्च्यांसमोरून जाऊ नये, ही एक. दुसरी त्याने स्वतःलाही धड सांगितली नव्हती. हाझेमने यावं आणि चार माणसांत एक वाक्य बोलावं, की मला हिने वाढवलं. एकच वाक्य. मग मरेपर्यंत काही मागणार नव्हता तो.

*

दिवाणखाना भरला. भरला म्हणजे काय, खुर्च्या कमी पडल्या! माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. फिक्री दाराशी उभा राहून हात मिळवत होता, आणि लोक म्हणत होते, “तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.” त्याचा ऊर भरून आला. विदाद, बघ गं, म्हणाला मनात, तुझ्यासाठी किती माणसं आली.

मग त्याच्या लक्षात आलं. शेख म्हणतोय तिकडे कुणाचं लक्ष नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे. एकाच्या काखेत पोराच्या नोकरीच्या अर्जाची फाईल होती. दुसऱ्याने दुखवट्याच्या बिनसाखरेच्या कॉफीचा कप ठेवता ठेवता सरळ विचारलंच, “हाजी, ते येणार आहेत ना नक्की?” फिक्री हजला कधी गेला नव्हता, पण कैरोत केस पांढरे झाले की माणूस आपोआप हाजी होतो.

एकतीस वर्षं जे पान लावलं त्याच पानाने त्याला टोपी घातली होती. चूक त्याचीच. दुसऱ्या कुणाला तो म्हणाला असता, बाबा, मोठं नाव टाकू नकोस, लोक नावाला येतील.

आणि हाझेम आला. एकदम कुजबुज, मग पन्नास फोन वर. काळा चष्मा, काळा कोट. पडद्यावर दिसतो त्याहून वाळलेला होता. त्याने फिक्रीला मिठी मारली आणि मानकऱ्यांच्या रांगेत त्याच्याशेजारी बसला. फोन सगळे त्याच्यावर रोखलेले. म्हणून दोघंही समोर बघत, ओठ न हलवता बोलले.

“एकदा सांग,” फिक्री म्हणाला.

“काय, काका?”

“तुला कुणी वाढवलं ते. इथे. सगळ्यांसमोर.”

हाझेमने चष्मा नीट केला. मग म्हणाला, “काका, आता? अख्ख्या देशाला ती गोष्ट पाठ आहे. आई कबरीत आहे. तिला तिथे खोटी पाडू?”

“आणि विदाद कुठे आहे? बाजारात गेलीय?”

“मावशी रागावली नसती,” हाझेम म्हणाला, आणि हे खरं होतं, म्हणून फिक्रीला जास्तच राग आला.

शेखने पठण संपवलं. रीत अशी की एक पठण संपलं की आधी आलेले उठतात, नव्यांना जागा करून देतात. हाझेम उठला आणि त्याच्याबरोबर अख्खा दिवाणखाना उठला. दाराबाहेर गर्दी. फिक्री त्या रेट्यात पायरीपर्यंत ढकलला गेला. कुठल्याशा वेबसाइटची एक मुलगी त्याच्या तोंडाशी माईक धरून उभी राहिली.

“हाजी, उस्ताद हाझेमना मावशीचा फार लळा होता म्हणतात. कधी यायचे का भेटायला?”

गर्दीतले फोन आता फिक्रीकडे वळले. फिक्रीने हाझेमकडे पाहिलं. चष्मा काढला होता त्याने. शेजारच्यांची काच फोडून घरी आलेलं नऊ वर्षांचं पोरगं जसं उभं राहायचं, तसा उभा होता. बस, एक शब्द! फिक्रीने ‘नाही’ म्हणायचा अवकाश, ‘घरचा माणूस’ रस्त्यावर येणार होता.

पण मग त्याला पुढचंही दिसलं. उद्या सगळ्यांच्या फोनवर हाझेम नाही, विदाद असणार. अकरा वर्षं ताटली झाकून बसलेली म्हातारी. लोक चुकचुकणार, मग चेष्टा करणार, तिच्या मुलुखियावर विनोद करणार. तिने कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि मी तिच्या दुखवट्यातच ते चव्हाट्यावर मांडू?

“यायचा की,” फिक्री म्हणाला. “दर गुरुवारी. मुलुखिया खायला.”

हाझेमचे खांदे खाली आले. गर्दी हळहळली. गाडी निघाली, तिच्यामागे माणसं निघाली, आणि पाच मिनिटांत तिथे फिक्री आणि खुर्च्या उरल्या. आत शेख पाणी पीत होता. पुढचं पठण कुणासाठी म्हणावं, हा त्याला प्रश्न पडला असावा.

बायकांच्या दालनातून एकटी उम्म रिदा बाहेर आली, काळी ओढणी सावरत. तिने ऐकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. फिक्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई अकरा वर्षं दारात बसलेली, माशी आत गेली तरी हिला कळते.

“दर गुरुवारी,” उम्म रिदा म्हणाली. “खरंय हाजी. मी दाराशीच असते ना.”

टोमणा होता की काय होतं, त्याला कळेना. ती चपला घालून निघाली, आणि तो तिच्यामागून घरी आला.

*

खोटं एकदा बोललं की ते आपल्या पायांनी चालायला लागतं. तिसऱ्या आठवड्यात हाझेमच्या कार्यक्रमातून लमिया नावाच्या मुलीचा फोन आला. चाळिसाव्या दिवसाच्या आधीचा एक गुरुवार त्यांना चित्रित करायचा होता. “हाजी, तुम्ही काही करायचं नाही. नेहमीसारखंच. जसं दर गुरुवारी असतं तसं.”

“तसंच असेल,” फिक्री म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आले. सात माणसं, तीन दिवे, दोन मुठींच्या सुरीएवढ्या मिश्या असलेला एक कॅमेरावाला. लमिया वाऱ्यासारखी घरभर फिरली. विदादची खुर्ची चौकटीत आडवी येते म्हणून तिने उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. पडदे बदलले. शिलाई मशीनवर कापड घालून झाकलं. त्या गोष्टीत शिंपीण आई होती, मावशी नव्हती. इथे मशीन दिसलं असतं तर लोक गोंधळले असते. फिक्री भिंतीला टेकून बघत होता. आपल्याच घरात पाहुणा झालो, त्याला वाटलं.

मुलुखिया त्यानेच केली होती. बायकोची बघून बघून येत होती थोडी. फक्त फोडणी ओतताना त्या सात जणांसमोर श्वास ओढायची त्याला लाज वाटली, आणि पाला तळाशी जाऊन बसला.

हाझेम आला. दिवे नीट होईपर्यंत त्याला कुठेतरी बसायचं होतं. फिक्रीने बघितलं, तो कोचाकडे गेला नाही. सरळ मशीनशेजारच्या त्या ठेंगण्या स्टुलावर जाऊन बसला, गुडघे पोटाशी घेऊन. हात कापडाखाली गेला आणि मशीनच्या लाकडाची खालची बाजू चाचपू लागला. तिथे त्याने लहानपणी खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं आणि विदादचा धपाटा खाल्ला होता.

“ती कुठे बसायची, काका? गुरुवारी?” त्याने हळूच विचारलं.

“इथंच. दाराकडे तोंड करून. तुझी ताटली झाकून ठेवायची.” फिक्री ठरवून बोलत नव्हता, बोलत सुटला होता. “एकदा झाकण पुरेसं नाही म्हणून वरून तिची शाल गुंडाळली. आठ वाजता म्हणायची, रहदारी असेल. दहा वाजता म्हणायची, पाहुणा आला असेल त्याच्याकडे. मग शुक्रवारी सकाळी ताटली खाली...” आणि तो थांबला.

हाझेमने वर पाहिलं. “किती गुरुवार?”

“तू कुठला ते सांगितलं नव्हतंस ना. म्हणून सगळेच.”

हाझेमच्या चेहऱ्याचं काय झालं ते सांगता येणार नाही. हनुवटी आधी थरथरली, मग तोंड वाकडं झालं, कुरूप झालं, लहान पोराचं होतं तसं. डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकातूनही. “मला वाटलं ती रागावली असेल,” तो म्हणाला. “म्हणून मी...”

“रागवायला तिला वेळ कुठे होता? पुन्हा गुरुवार यायचा.”

हाझेमने फिक्रीचा हात धरला. घट्ट, दुखेपर्यंत. फिक्रीला वाटलं, आलं. आता बोलतोय. ते एक वाक्य त्याच्या ओठापर्यंत आलं होतं, फिक्रीला ते दिसत होतं.

“उस्ताद!” लमिया दारातून ओरडली. “वा! हेच, अगदी हेच पाहिजे! पण दिवा बंद होता हो. कोचावर या, पुन्हा एकदा. रुमाल देऊ?”

हाझेमने नाक पुसलं. उठला. कोचावर जाऊन बसला, कॉलर नीट केली, आणि दिवा लागला तसा पुन्हा रडला. हनुवटी थरथरली, पण तोंड वाकडं झालं नाही. पाणी डोळ्यांतूनच आलं, नाकातून नाही. “ती मला आईसारखी होती,” तो म्हणाला. आईसारखी! फिक्रीने मान खाली घातली. पहिलं रडणं खरं होतं असं एक मन म्हणत होतं, आणि दुसरं विचारत होतं की कशावरून? दोन्ही बघितल्यावर त्याला आता काहीच सांगता येईना.

जाताना हाझेमने त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. “काका, पुढच्या गुरुवारी येतो हं.”

ताटलीतले दोन घास तेवढे कॅमेऱ्यासाठी खाल्ले गेले होते. बाकी तशीच होती.

*

कार्यक्रम लागला आणि गल्लीत फिक्रीचा भाव वधारला. खाटीक त्याला बसायला खुर्ची देऊ लागला. फाईलवाला माणूस पत्ता काढत आला. आणि गुरुवारी संध्याकाळी चार-सहा जण फाटकाशी उभे राहू लागले, हाझेमबरोबर एक फोटो मिळावा म्हणून. पहिला गुरुवार गेला. दुसरा गेला. चाळिसावा झाला, त्यालाही कुणी आलं नाही.

फाटकालगतच्या दुकानात बयूमी इस्त्रीवाला होता. तोंडाळ. “हाजी,” तो जिन्यात फिक्रीला गाठून म्हणाला, “अकरा वर्षं मी इथे इस्त्री फिरवतोय. एवढा मोठा माणूस, एकदा तरी दिसायला हवा होता की नाही? आमचे डोळे काय विकायला काढले होते?”

उत्तर उम्म रिदाने दिलं, बाकावरून न उठता. “मोठी माणसं पुढच्या दाराने येतात होय रे? मागच्या गल्लीतून यायचे ते. स्वयंपाकघराच्या लोखंडी जिन्याने. तू तुझ्या सदऱ्यांकडे बघ, परवा माझी ओढणी जाळलीस.”

“अस्सं? माझी खिडकी मागच्या चौकातच उघडते. या गुरुवारी कान देऊन ऐकतो,” बयूमी म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, “त्या वेबसाइटवाल्या मुलीचा फोन आला होता. विचारत होती, खरंच येतात का म्हणून.”

फिक्री वर आला आणि कितीतरी वेळ विदादच्या खुर्चीसमोर उभा राहिला. हाझेमचं काय व्हायचं ते होवो, त्याला आता त्याची फिकीर नव्हती. पण हे फुटलं तर फुटणार कुणाच्या डोक्यावर? एक फोन करावा का हाझेमला? केला. सेक्रेटरीने नाव लिहून घेतलं, आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

गुरुवार आला. फिक्रीने दुपारी पाला चिरला, ससा शिजवला. सहाला पाच कमी असताना त्याने टीव्ही ढकलत ढकलत स्वयंपाकघरात आणला, मागच्या चौकाच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला आणि आवाज मोठा केला. कार्यक्रम आदल्या दिवशीच चित्रित होतो हे गल्लीला ठाऊक होतं, आणि बयूमीच्या दुकानात टीव्ही नव्हता.

“सुसंध्याकाळ, घरच्यांनो!” हाझेमचा आवाज चौकात घुमला. तो स्टुलावरचा आवाज. क्षणभर फिक्रीलाच वाटलं, आलाय. मधे मधे तोही मोठ्याने बोलत होता, “घे रे अजून,” “काय म्हणतोस!” पंचाहत्तरीच्या माणसाने एकट्याने स्वयंपाकघरात उभं राहून टीव्हीला आग्रह करायचा! त्याला स्वतःची कीव आली, आणि राग आला, आणि विदादची इतकी आठवण आली की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. जाहिराती लागल्या की धावत जाऊन आवाज बंद करायचा. हाझेम साबण विकताना बयूमीला ऐकू गेला तर सगळंच मुसळ केरात.

पण लोखंडी जिना गप्प होता. आवाज वर, आणि माणूस चढल्याची चाहूलच नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. खालून बयूमीची खिडकी करकरली.

तेवढ्यात जिना वाजला. धाड, धाड, धाड. जड बूट, पुरुषी पावलं, एकेक पायरी मोजून. तीन मजले ती पावलं वर आली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप पडली. फिक्रीने दार उघडलं.

उम्म रिदा उभी होती, धापा टाकत. पायात नवऱ्याचे जुने बूट, तिच्या पायांना दोन अंगुळं मोठे.

“बाजूला व्हा हाजी, गुडघे गेले माझे,” ती दबक्या आवाजात म्हणाली आणि आत येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. “त्या मेल्याची मान खिडकीबाहेर आली होती. आता झोपेल शांत.”

हातांना काहीतरी काम हवं म्हणून फिक्री शेगडीकडे वळला. फोडणी तडतडत होती. ती ओतताना त्याने श्वास आत ओढला, मोठ्याने, बाईमाणसासारखा, “हाः!” उम्म रिदा तोंडाला ओढणी लावून हसली. मग त्याने ताटली भरली आणि तिच्यासमोर ठेवली.

तिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. “अकरा वर्षं खातेय मी ही,” म्हणाली. “गरम आजच मिळाली.”

“तुला ठाऊक होतं,” फिक्री म्हणाला. “तो कधीच आला नाही ते. त्या दिवशी बयूमीसमोर तू मला वाचवलंस.”

“तुम्हाला नाही हो.” तिने पाव मोडला, मग तसाच हातात धरला. “विदादबाई दर शुक्रवारी ताटली घेऊन खाली यायच्या ना. म्हणायच्या, काल आला होता गं माझा हाझेम, पण घाईत होता, जेवला नाही, तू खा. दर शुक्रवारी. एकही चुकला नाही.”

फिक्री ओट्याला टेकला. “आणि तू?”

“मी काय म्हणणार? म्हणायची, हो बाई, बघितलं की मी. किती उंच झालेत!” ती ताटलीकडे बघत राहिली. “मग त्या हसायच्या आणि वर जायच्या.”

फिक्री खाली बसला, फरशीवरच. आपण एकट्याने बोललो असं वाटलेलं ते खोटं विदादने अकरा वर्षं रोजच्या भाकरीसारखं भाजलं होतं, आणि त्याला कळूही दिलं नव्हतं. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आता आलं, तोंड वाकडं करून, नाकातून पाणी गळत. उम्म रिदाने त्याला थांब म्हटलं नाही. तिने ताटली दोघांच्या मधे फरशीवर ठेवली आणि अर्धा पाव त्याच्या हातात दिला.

टीव्हीवर हाझेम थांबला आणि साबणाची जाहिरात लागली. तिचं गाणं मागच्या चौकात तिन्ही मजल्यांवर खणखणीत वाजत राहिलं, बयूमीच्या खिडकीपर्यंत गेलं, पण दोघांपैकी कुणी आवाज बंद करायला उठलं नाही.